शेगडीभोवतीचें वाङ्मय

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत एका परदेशी खेळाविषयीं, आणि तेंही प्रत्यक्ष खेळाविषयीं नव्हे तर खेळ बंद असतांना चालणाऱ्या गप्पांविषयीं, लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न अगदींच गैरवाजवी नाहीं. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या बोलण्यांत कल्पकता आहे, संकेत आहेत, परंपरा आहे आणि बरें-वाईट ठरविण्याचीं मापें आहेत, तें बोलणें छापलेलें असो वा नसो, वाङ्मयच होय. जात्यावर रचल्या गेल्या म्हणून ओव्यांना वाङ्मयाच्या पंक्तीवरून कोणी उठविलें नाहीं. आणि जें वाङ्मय आहे त्याची टीकाही झाली पाहिजे.

गेल्या डिसेंबरांत आम्ही बॉस्टन शहरीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं तीन आठवडे पाहुणे होतों. बाहेर बर्फ, आणि घरांत रोज जेवणें आटोपलीं कीं एक सभा भरे. सभासद तीन : आमचा विद्यार्थी, त्याची तेरा वर्षांची कन्या, आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचें सारें आयुष्य बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल-संघाच्या भक्तींत गेलें होतें. (रेड सॉक्स म्हणजे तांबडे पायमोजे, संघाचें नांवच तसें आहे, त्याला आमचा इलाज नाहीं.) विषय रोज एकच. वसंतऋतूंत खेळ सुरू होण्यापूर्वीं संघानें कोणास द्यावें, कोणास घ्यावें, आणि कोणाशीं किती वर्षांचा करार करावा. मुलीपाशीं एक वही होती. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे द्यावयाचीं व उजवीकडे आणावयाचीं नांवें ती लिही. वडील डावीकडील एखादें नांव खोडीत, आणि मग तासभर वाद चाले. "सर, तुम्हीच सांगा," असें म्हणून आम्हांस अधूनमधून पंच नेमण्यांत येई. परंतु पंचाचें मत ऐकून घेण्याची प्रथा त्या सभेंत नव्हती.

या सभेला अमेरिकेंत फार जुनें नांव आहे : तापल्या शेगडीची लीग. हिंवाळ्यांत खेडेगांवच्या वाण्याच्या दुकानांत मध्यभागीं लोखंडी शेगडी पेटलेली असावयाची आणि तिच्याभोवतीं बसून लोकांनीं गेल्या मोसमाचें श्राद्ध व येत्या मोसमाचें बारसें एकाच बैठकींत उरकावयाचें, असा हा प्रकार होता. मोठ्या लीगमध्यें आज ३० संघ आहेत. प्रत्येकाचे १६२ सामने सप्टेंबरअखेर संपतात, ऑक्टोबरांत अजिंक्यपदाचे सामने होतात, आणि नंतर वसंतऋतूपर्यंत मैदान ओस पडतें. तेवढ्या अवकाशांत संघाची माणसें दोन दारांनीं ये-जा करतात. ज्याची मोठ्या लीगमध्यें सहा वर्षें सेवा झाली आहे व ज्याचा करार संपला आहे, तो मोकळा होऊन वाटेल त्या संघाशीं बोलूं शकतो. हें कराराचें दार. ज्याचें बंधन अद्याप उरलें आहे, त्याला त्याचा संघ दुसऱ्या संघाला देऊन मोबदल्यांत दुसरीं माणसें घेतो. हें सौद्याचें दार. शेगडीभोवतीं रंगतो तो विशेषतः सौदा. कराराला पैसा लागतो आणि तो मालकाचा असतो. सौद्याला लागते ती केवळ अक्कल, आणि ती आपल्यापाशीं भरपूर आहे अशी प्रत्येक चहात्याची खात्री असते.

आतां या वाङ्मयाचा गुण कोणता? आरिस्टॉटलनें काव्याच्या बाबतींत जें घडूं शकेल आणि जें घडणें पटेल यांत भेद केला आहे, तोच येथें लागू पडतो. आपले तीन लंगडे घोडे देऊन शेजाऱ्याचा एक उमदा घोडा मागणें अशक्य नाहीं. पण तें पटत नाहीं, कारण तसें सुचविणाऱ्यानें शेजारी मूर्ख आहे असें गृहीत धरलेलें असतें. आम्हीं ऐकलेल्या सूचनांपैकीं निम्म्या तरी या जातीच्या होत्या, आणि त्या ऐकतांना अद्भुतरम्य कादंबरी वाचल्यासारखा कंटाळा आला. याच्या उलट, उत्तम सूचना तीच जी करतांना बोलणारा क्षणभर परपक्षाच्या डोक्यांत शिरतो. त्यांचा पिचर म्हातारा होत चालला आहे, त्यांच्याकडे झेलकरी दोन आहेत आणि शॉर्टस्टॉप एकही नाहीं, त्यांच्या मालकाला यंदा खर्च नको आहे, हें सारें ध्यानांत घेऊन तो आपल्या घरचें असें कांहीं पुढें करतो जें देतांना त्याचा स्वतःचा हात कांपतो. हात न कांपतां मांडलेला सौदा वाङ्मयदृष्ट्या खोटा होय. त्या तेरा वर्षांच्या मुलीला हें मर्म तिच्या वडिलांपेक्षां अधिक कळलें होतें. डाव्या रकान्यांत ती नेहमीं आपल्या आवडत्या माणसाचें नांव घालीत असे, आणि वडील नेमकें तेंच खोडीत.

दोष मात्र पुष्कळ आहेत; आणि पहिला हा कीं, या वाङ्मयाला स्मरण नाहीं. २००३ सालच्या डिसेंबरची गोष्ट घ्या. टेक्ससच्या संघांतील ॲलेक्स रॉड्रिगेझ हा त्या काळचा सर्वांत श्रीमंत खेळाडू होता. १० वर्षांचा २५ कोटी २० लक्ष डॉलरांचा त्याचा करार होता. त्याला आणावें आणि त्याच्या बदल्यांत मॅनी रामिरेझ याला द्यावें असें बॉस्टननें जवळजवळ ठरविलें. त्याच्या थोडेंच आधीं बॉस्टननें रामिरेझला कोणीही फुकट न्यावा म्हणून खुला केला होता, आणि कराराचा भार पाहून एकाही संघानें हात पुढें केला नव्हता. रॉड्रिगेझ आपल्या करारांतील रक्कम कमी करून घ्यावयास तयार झाला. परंतु एकानें करार उतरविला तर उद्यां सर्वांचे उतरतील अशा विचारानें खेळाडूंच्या संघटनेनें नकार दिला आणि सौदा मोडला. बॉस्टनच्या शेगड्यांभोवतीं त्या वेळीं जणूं सुतक पाळलें गेलें, असें ते वृद्ध गृहस्थ सांगत होते. फेब्रुवारींत रॉड्रिगेझ न्यूयॉर्कच्या यांकी संघांत, म्हणजे जन्मवैऱ्याच्या घरीं, गेला. आणि २००४ च्या ऑक्टोबरांत त्याच यांकी संघाविरुद्ध पहिले तीन सामने हरल्यावर बॉस्टननें पुढले चारही जिंकले, आणि पाठोपाठ १९१८ नंतरचें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. अंतिम मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो रामिरेझ. त्याला देऊन टाकावयास आपणही टाळ्या वाजविल्या होत्या, असें कबूल करणारा मनुष्य आम्हांस बॉस्टनमध्यें एकच भेटला. ते हेच शेजारचे गृहस्थ, आणि त्यांनींही तें आवाज उतरवून सांगितलें.

बॉस्टनच्या परंपरेंत अर्थात् एक मूळ पापही आहे. १९१९ च्या डिसेंबरअखेर संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनीं बेब रूथ याला एक लक्ष डॉलरांस यांकींना विकलें. फ्रेझी हे नाटकांचे निर्माते असल्यामुळें 'नो, नो, नॅनेट' या संगीतिकेच्या खर्चासाठीं रूथ विकला गेला अशी आख्यायिका उठली. ती संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ सालीं! पण आख्यायिका टिकली. कारण एका नाटकापायीं घर बुडालें ही कथा लोकांना हिशेबापेक्षां अधिक पटते. येथें तरी आमची सहानुभूति, एक नाट्यप्रेमी म्हणून, थोडी फ्रेझींकडे आहे हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि त्याच्यासाठींच आम्हीं ही लेखणी उचलली. हा दोष भाषेचा आहे. सभेंत बोलतांना खेळाडूला 'माल' म्हणत नाहींत. पण 'मालमत्ता' म्हणतात. तो अजून किती वर्षें बांधलेला आहे त्याला 'ताब्याचीं वर्षें' म्हणतात, आणि ताब्याचीं वर्षें जितकीं अधिक व पगार जितका कमी तितका माणूस 'मोलाचा' होतो. मायकेल लुईस यांचें 'मनीबॉल' हें पुस्तक २००३ सालीं निघालें. ओकलंडच्या गरीब संघाच्या कारभाऱ्यानें आंकड्यांच्या बळावर श्रीमंतांशीं कशी झुंज दिली, याची ती कथा आहे आणि ती वाचनीय आहे यांत शंका नाहीं. परंतु तिच्या मागोमाग चहात्याचा नायक बदलला. पूर्वीं मुलाला वाटे, आपण रूथ व्हावें. आतां त्याला वाटतें, आपण कारभारी व्हावें. मूकी बेट्स हा बॉस्टनचा लाडका खेळाडू. २०१८ सालीं तो आपल्या लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला आणि संघही अजिंक्य झाला. त्याच्या करारांतलें एकच वर्ष उरलें असतां २०२० च्या फेब्रुवारींत बॉस्टननें त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे धाडलें. डॉजर्सनीं जुलैमध्यें त्याच्याशीं १२ वर्षांचा साडेछत्तीस कोटींचा नवा करार केला आणि ऑक्टोबरांत अजिंक्यपद जिंकलें. बॉस्टनच्या चहात्यांना दुःख झालें हें खरें. पण आमच्या विद्यार्थ्यासारखे सुशिक्षित लोकही त्या सौद्याची जी बाजू मांडतात ती कोणाची असते? विशिष्ट रकमेच्या पुढें खर्च गेला कीं संघाला कर भरावा लागतो, तो वांचला, असें ते समजावून सांगतात. वांचला तो मालकाचा! आपण तिकीट काढून मैदानावर जावें आणि रात्रीं घरीं येऊन मालकाच्या खतावण्या तपासाव्या, असा हा बिनपगारी मुनीमपणा आहे. आपल्याकडेही २०२३ च्या नोव्हेंबरांत हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईला परत आला तेव्हां घरोघर हीच खातेवही उघडली होती, आणि पुढल्या वर्षीं वानखेडे मैदानावर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविणाऱ्यांनीं तो जमाखर्च चुकता केला. तेव्हां अमेरिकेकडे बोट दाखवून आपण सुटत नाहीं.

लग्नाचीं स्थळें पाहण्याच्या आपल्या जुन्या बैठकींत मुलीचा रंग, उंची, पत्रिका, देणेंघेणें या सर्वांचा ऊहापोह होई, आणि मुलगी आंत स्वयंपाकघरांत असे. शेगडीच्या सभेंत खेळाडू असाच आंत असतो.

तो एकदां बाहेर आला होता. कर्ट फ्लड हा सेंट लुईच्या कार्डिनल्स संघाचा मध्यक्षेत्रांतला खेळाडू. बारा मोसम त्यानें त्या संघाची सेवा केली. १९६४ व १९६७ सालच्या अजिंक्यपदांत त्याचा वांटा होता. १९६९ च्या ऑक्टोबरांत संघानें त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलें. त्या काळीं खेळाडूचा करार संपला तरी बंधन संपत नसे. संघ ठेवील तोंवर राहावयाचें आणि धाडील तेथें जावयाचें. फ्लडनें डिसेंबरांत खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहिलें. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण इच्छा न विचारतां विकतां येणारी वस्तु आहों असें आपल्याला वाटत नाहीं, हा त्याचा आशय होता. फ्लड कृष्णवर्णीय होता. माणसाच्या खरेदी-विक्रीचा शब्द त्याच्या तोंडीं अलंकार म्हणून आलेला नव्हता. त्याचा वार्षिक पगार ९० हजार डॉलर होता, आणि एवढा पगार घेणाऱ्यानें कुरकुर करावी याचें शेगड्यांभोवतीं मोठें नवल झालें. त्यानें फिर्याद केली आणि १९७० चा सबंध मोसम घरीं बसून काढला.

१९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल त्याच्या विरुद्ध दिला. तें निकालपत्र न्यायमूर्ति हॅरी ब्लॅकमन यांनीं लिहिलें, आणि शेगडीच्या वाङ्मयाचा याहून मासलेवाईक नमुना आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याचा पहिला भाग म्हणजे बेसबॉलचें स्तोत्र आहे. खेळाचा उगम, जुने सामने, खेळावरील कविता, आणि मग ८० हून अधिक जुन्या खेळाडूंचीं नांवें एकामागून एक, जशीं एखाद्या भाविकानें माळेचे मणी ओढावे तशीं. निकालाशीं सहमत असलेल्या दोघां न्यायमूर्तींनींसुद्धां या भागावर सही करण्याचें नाकारलें. आणि स्तोत्र संपल्यावर न्यायमूर्ति काय सांगतात? इतर धंद्यांना लागू असणारा मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉलला लागू नसावा हें विसंगत आहे खरें. पण विसंगति जुनी आहे, ती दूर करावयाची तर कायदेमंडळानें करावी. ज्याला इतक्या नांवांवर इतकें प्रेम करतां आलें, त्याला समोर उभ्या असलेल्या एका माणसाचें ऐकूं आलें नाहीं. हें प्रेम खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें खरें होतें, आणि आम्हांस त्याचीच भीति वाटते.

बंधन पुढें सुटलें. १९७५ च्या डिसेंबरांत दुसऱ्याच दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादानें त्यांना मोकळें केलें, आणि सध्यांची कोट्यवधींची घासाघीस त्या निकालापासून सुरू झाली. फ्लड मात्र १९७१ सालीं वॉशिंग्टनसाठीं १३ सामने खेळून कायमचा घरीं गेला, आणि १९९७ सालीं वारला.

मुक्कामाच्या शेवटल्या रात्रीं आम्हीं ही हकीकत त्या सभेला सांगितली. वृद्ध गृहस्थांना ती ठाऊक होती, बापलेकींना नव्हती. सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं, आणि आपल्या व्याख्यानाचा परिणाम झाला असें वाटून आम्ही, प्राध्यापकी संवयीप्रमाणें, मनांतून सुखावलों. मग मुलीनें वही पुढें ओढली आणि विचारलें, "पण त्या सौद्यांत सेंट लुईला मिळालें कोण?" आम्हीं सांगितलें : फ्लड, मॅकार्व्हर व आणखी दोघे गेले, डिक ॲलन आणि त्याच्याबरोबर दोघे आले. "ॲलन म्हणजे जबरदस्त फटकेबाज," वृद्ध गृहस्थ खुर्चींत सरसावून म्हणाले. "पुढच्याच वर्षीं त्यानें ३४ होमरन मारले." विद्यार्थी म्हणाला, "मग सौदा वाईट नव्हता." त्यावर, एकाच मोसमानंतर त्यांनीं ॲलनलाही देऊन टाकलें ही चूक कशी झाली, हें पटवून देण्यास जो पहिला आवाज उठला तो दुर्दैवानें आमचाच होता, आणि आम्ही झोंपावयास उठलों तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती.