शेजारधर्म आणि पोलिश वाङ्मय

पोलंडचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभें राहतें: एका बाजूस जर्मनी, दुसऱ्या बाजूस रशिया, आणि मध्यें जात्यांत सांपडलेल्या दाण्यासारखा हा देश. चित्र खोटें नाहीं. १७७२ ते १७९५ या अवधींत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं तीन हप्त्यांत पोलंड वांटून घेतला, आणि पुढें १२३ वर्षें, म्हणजे १९१८ पर्यंत, नांव घेण्याजोगें स्वतंत्र पोलिश राज्य उरलें नाहीं. पुन्हां १९३९ सालीं १ सप्टेंबरला हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून शिरल्या आणि १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून. इतकें सोसलेल्या राष्ट्राचें वाङ्मय म्हणजे एक प्रदीर्घ आक्रोशच असणार, अशी वाचकाची समजूत होते. आणि ती समजूत घेऊनच तो तें वाचूं लागतो.

आमचें मत थोडें निराळें आहे. मोठ्या शेजाऱ्यांनीं आपणांस कसें वागविलें हें किती तळमळीनें सांगितलें, ही पोलिश वाङ्मयाची खरी कसोटी नव्हे. कारण पोलंड हाहि एके काळीं मोठा शेजारी होता. १५६९ सालच्या लुब्लिनच्या करारानें पोलंड व लिथुएनिया यांचें जें संयुक्त राज्य बनलें, त्याच्या पोटांत आजचा लिथुएनिया, बेलारूस व युक्रेनचा मोठा भाग होता. तेथील शेतकऱ्यांची भाषा पोलिश नव्हती. जमीनदार मात्र पोलिश बोलत, किंवा कालांतरानें बोलूं लागले. या धाकट्या शेजाऱ्यांकडे पोलिश लेखकानें कोणत्या नजरेनें पाहिलें, हें विचारल्यावांचून त्या वाङ्मयाचें मोल ठरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मित्सकेविचचें 'पान तादेऊश' घेऊं. बारा सर्गांचें हें काव्य १८३४ सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध झालें, आणि पोलंडचें राष्ट्रीय महाकाव्य म्हणतात तें हेंच. परंतु या राष्ट्रीय महाकाव्याच्या आरंभीं कवि ज्या मायभूमीस हांक मारतो ती पोलंड नव्हे. ती लिथुएनिया आहे! कवीचा जन्म १७९८ सालीं नोवोग्रूदेकच्या परिसरांत झाला. तें गांव आज बेलारूसमध्यें आहे. शिक्षण झालें विल्नो येथें. तें आज विल्नियुस या नांवानें लिथुएनियाची राजधानी आहे. वॉर्सा शहर त्यानें उभ्या आयुष्यांत पाहिलें नाहीं. १८२४ सालीं रशियन सरकारनें त्याला हद्दपार केलें. तो पुन्हां घरीं गेलाच नाहीं, आणि १८५५ सालीं कॉन्स्टॅन्टिनोपल येथें वारला. लिथुएनियन लोक व बेलारूशियन लोक आपापल्या भाषेंतील नांवानें त्याला आपला म्हणतात, आणि पोलिश लोकांस तें कित्येकदां रुचत नाहीं. ज्याला स्वतःला हा वाद कळलाहि नसता अशा माणसावर तीन राष्ट्रें हक्क सांगत आहेत!

काव्याचें कथानक १८११ व १८१२ सालांतील आहे. सोप्लित्सा व होरेश्को या दोन घराण्यांचें जुनें वैर, एका पडक्या किल्ल्याच्या मालकीचा तंटा, आणि त्याभोंवती खेड्यांतील जमीनदारी संसार. अस्वलाची शिकार, रानांत अळिंबी वेंचणें, सकाळच्या कॉफीची सिद्धता, शिकारी कुत्र्यांवरून पेटलेलें भांडण, हें सर्व कवि इतक्या आवडीनें वर्णितो कीं, परदेशांत उपाशी पडलेल्या माणसानें घरच्या जेवणाची आठवण काढावी तसें वाटतें. आम्हीं हें काव्य प्रथम वाचलें तें नॉइसच्या १९१७ सालच्या इंग्रजी गद्य भाषांतरांत. तेरा अक्षरावयवांची मूळची ओळ गद्यांत अर्थातच नाहींशी झालेली होती. तरीहि गोडी उरली होती, हें कवीच्या निरीक्षणाचें सामर्थ्य.

पण केवळ गोडीसाठीं हें काव्य मोठें नव्हे. नवव्या सर्गाच्या आरंभींचा प्रसंग पाहा. न्यायालयाचा निकाल आपणच तलवारीच्या जोरावर बजावून घ्यावयाचा, अशी त्या प्रांतांतील सरदारमंडळींची एक चाल होती. तिच्या नांवाखालीं हीं शूर मंडळी शेजाऱ्याच्या वाड्यावर चालून जातात, त्याचीं कोंबडीं-बकरीं फस्त करतात, पिंपें रिकामीं करतात आणि जागच्या जागीं घोरूं लागतात. सकाळीं जाग येते तों रशियन शिपायांनीं सर्वांच्या मुसक्या बांधलेल्या! राष्ट्र कसें बुडालें यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या सर्वांचें सार या विनोदी प्रसंगांत आलें आहे असें आम्हीं म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. आणखी एक गोष्ट. त्या रशियन तुकडींत दोन अंमलदार आहेत. रिकोव हा जातीचा रशियन, पण सरळ मनाचा व इमानी. प्वुत हा जन्मानें पोलिश, नांव बदलून झारचा चाकर झालेला, आणि तोच दुष्ट. हद्दपार कवीनें रशियन माणसाला इतका न्याय द्यावा, ही साधी गोष्ट नव्हे. तीच गोष्ट यांकेल या यहुदी खानावळवाल्याची. काव्याच्या शेवटीं संतूरासारख्या वाद्यावर राष्ट्राची सारी अलीकडची कहाणी वाजवून दाखविण्याचा मान कवीनें त्याला दिला आहे.

मग उणें कोठें आहे? तें शेतकऱ्यापाशीं आहे. बाराव्या सर्गांत तादेऊश व त्याची वधू आपल्या कुळांना दास्यांतून मुक्त करतात. प्रसंग हृद्य आहे, आणि १८३४ सालीं असें लिहिणें धैर्याचेंहि होतें. परंतु ती मुक्तता मालकाच्या मनाचा मोठेपणा म्हणून येते. ज्यांस मुक्त केलें ते कोण, घरीं कोणत्या भाषेंत बोलतात, त्यांस काय वाटलें, याची दाद काव्यांत लागत नाहीं. रशियन कप्तानाचें अंतःकरण कवीला दिसलें; दारांतल्या कुळाचें तितकें दिसलें नाहीं.

मित्सकेविचनंतर पन्नास वर्षांनीं शेन्केविच आला. १८८४ सालीं पूर्ण झालेल्या त्याच्या 'अग्नि आणि खड्ग' या कादंबरीचा विषय १६४८ सालचें कोसॅक लोकांचें बंड हा होय. युक्रेनच्या गवताळ मैदानांत ख्मेल्नित्स्कीनें पुकारलेल्या या बंडानें पोलिश राज्य मुळापासून हादरलें. कर्टिननें १८९० सालीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें. कथा सांगण्याच्या कलेंत शेन्केविचच्या जोडीस बसणारे थोडे. झबाराझचा वेढा वाचतांना रात्र सरली तरी पुस्तक खालीं ठेववत नाहीं, आणि फुशारक्या मारणारा, दारूबाज परंतु अडचणींत कामास येणारा तो झाग्वोबा शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफचा धाकटा भाऊच शोभतो. तीन साम्राज्यांत विखुरलेल्या निराश लोकांचें काळीज घट्ट करावें, हा लेखकाचा हेतु होता आणि तो सफल झाला.

पण कशाच्या मोबदल्यांत? कादंबरींतील कोसॅक म्हणजे वणवा किंवा महापूर आहे. एखादा बोहून शूर व प्रेमी म्हणून उठून दिसतो, परंतु समुदाय म्हणून ते लोक कां उठले, कोणत्या जुलमानें उठले, या प्रश्नाला लेखक घाईघाईनें वळसा घालतो. उलट विश्न्योव्येत्स्की हा सरदार, जो स्वतः मूळच्या युक्रेनी घराण्यांतला व जुना धर्म सोडून कॅथॉलिक झालेला, ज्याच्या क्रूर दंडाची इतिहासांत नोंद आहे, तो येथें धर्मरक्षक वीर म्हणून उभा केला आहे. हा आक्षेप आमचा एकट्याचा नव्हे. शेन्केविचचा समकालीन कादंबरीकार प्रूस यानें १८८४ सालींच इतिहासाच्या या रंगसफेदीवर टीका केली, आणि कीव्हचा इतिहासकार अंतोनोविच यानेंहि तिचे दोष दाखविले. वाचकांनीं दोघांचेंहि ऐकलें नाहीं. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या मराठी वाचकानें याबद्दल पोलिश वाचकास हंसूं नये. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या आमच्या बखरींत पराक्रम म्हणून येतात, आणि बंगालमध्यें त्याच स्वारांच्या नांवानें आया मुलांस भीति घालून निजवीत.

त्या कादंबरीवर वाढलेली पिढी १९१८ सालीं स्वतंत्र झाली. स्वातंत्र्याच्या पहिल्याच महिन्यांत ल्वूफ शहरासाठीं पोलिश व युक्रेनी लोकांचें युद्ध जुंपलें. १९२० सालच्या ऑक्टोबरांत पोलिश सेनापतीनें विल्नो घेतलें, आणि लिथुएनियानें १९३८ पर्यंत पोलंडशीं राजनैतिक संबंध ठेवले नाहींत. नव्या राज्याच्या प्रजेंत सुमारें एक तृतीयांश लोक पोलिश नव्हते. पुढें महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, व्होल्हिनियांत युक्रेनी बंडखोरांनीं पोलिश खेड्यांतील स्त्रियामुलांसुद्धां हजारों लोकांची कत्तल केली. मागचा कोणताहि अन्याय या कृत्याचें समर्थन करूं शकत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

या हकीकतीचा एक धागा थेट आमच्या महाराष्ट्रापर्यंत येतो. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सरकारनें पोलंडच्या याच पूर्वभागांतून लक्षावधि लोक सायबेरिया व कझाकस्तानकडे नेले. त्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुलें, १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणींत राहिले. छावणी मोडली तेव्हां त्यांतील पुष्कळांचें गांव पोलंडांत उरलेंच नव्हतें. १९४५ सालीं देशाची सरहद्द पश्चिमेकडे सरकली होती. विल्नो आणि ल्वूफ दोन्ही सोव्हिएट संघांत गेलीं होतीं. अशा माणसाला, 'तुझें गांव आतां दुसऱ्याचें आहे, त्यावरचा हक्क सोड,' असें सांगणें किती कठीण असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

तें सांगितलें एका मासिकानें. 'कुल्तूरा' हें पोलिश मासिक १९४७ सालीं रोममध्यें निघालें आणि लौकरच पॅरिसजवळ मेझों-लाफीत येथें गेलें. संपादक येझी गेद्रोयत्स हे स्वतः मिन्स्कचे, म्हणजे गमावलेल्या पूर्वेचेच. मासिक मायदेशांत बंद. वाचक जगभर पांगलेले निर्वासित. मिवोश व गोंब्रोविच यांचें मोलाचें लेखन येथेंच प्रथम छापलें गेलें. १९५२ सालीं या मासिकानें दक्षिण आफ्रिकेंतील एका पोलिश धर्मोपदेशकाचें पत्र प्रसिद्ध केलें. विल्नो लिथुएनियाकडे व ल्वूफ युक्रेनकडे राहूं द्यावें, असा त्याचा आशय होता. निर्वासितांत संतापाचा डोंब उसळला. लोकप्रियतेवर ज्या मासिकाचें पोट, त्याच्या संपादकानें असें पत्र छापणें म्हणजे काय, हें मासिकांच्या व्यवहाराशीं ज्यांचा थोडा तरी संबंध आला आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

पुढें १९७४ सालीं लंडनमध्यें राहणाऱ्या म्येरोशेव्स्कीनें याच मासिकांत, आम्ही ज्याला या परंपरेंतलें तिसरें मोठें लेखन समजतों तो निबंध लिहिला. विषय: रशियन लोकांच्या मनांतील पोलंडचें भय आणि युक्रेन, लिथुएनिया व बेलारूस यांचा प्रदेश. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. आम्ही रशियाच्या साम्राज्यतृष्णेस भितों. रशियन लोक आमच्या साम्राज्यतृष्णेस भितात. ल्वूफ व विल्नो यांची आशा मनांत जपून रशियाला साम्राज्यवादी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. या तीन राष्ट्रांचें स्वातंत्र्य आम्हीं मनापासून मानलें, तरच रशियाशींहि आमचा व्यवहार सरळ होईल. भाषेंत कोठें उमाळा नाहीं, ऐतिहासिक उपमांची रेलचेल नाहीं. हिशेबनीस जमाखर्च मांडतो तसा निबंध चालतो. मित्सकेविचची गोडी वा शेन्केविचचा वेग येथें शोधूं नये. परंतु पोलिश लेखकानें स्वतःस मोठा शेजारी म्हणून इतक्या निश्चलपणें आरशांत पाहिल्याचें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

१ डिसेंबर १९९१ रोजीं युक्रेनच्या जनतेनें स्वातंत्र्याच्या बाजूनें कौल दिला, आणि दुसऱ्याच दिवशीं पोलंडनें त्या राष्ट्रास सर्वांच्या आधीं मान्यता दिली. लिथुएनियाशीं १९९४ सालीं मैत्रीचा तह झाला. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चढाई केली तेव्हां सरहद्द ओलांडून येणाऱ्या लक्षावधि युक्रेनी स्त्रियामुलांना पोलिश लोकांनीं आपल्या घरांतून जागा दिली. तथापि व्होल्हिनियाच्या मृतांचा प्रश्न कायम आहे, आणि २०२३ सालीं युक्रेनी धान्यावरून याच दोन शेजाऱ्यांत चांगलीच जुंपली. एका निबंधानें चारशें वर्षांचे हिशेब मिटत नाहींत.

त्या निबंधांतहि एक वैगुण्य आहे. म्येरोशेव्स्कीनें तिन्ही राष्ट्रांचीं आद्याक्षरें जोडून त्यांस एक 'प्रदेश' म्हटलें आहे. तीन भाषा, तीन इतिहास, आणि तीन अक्षरांत आटोपले! त्यांच्याविषयीं सारें कांहीं बोललें जातें, त्यांच्याशीं मात्र कोणी बोलत नाहीं. 'पान तादेऊश'मधील मुक्त झालेल्या कुळांची आठवण येथें आम्हांस झाल्यावांचून राहिली नाहीं. संपादकाला मात्र ही उणीव फार आधीं जाणवली असावी. १९३० नंतरच्या दशकांत स्टालिनच्या राजवटींत युक्रेनी कवि-लेखकांची जी पिढी गोळ्या घालून वा छावण्यांत डांबून नाहींशी करण्यांत आली, तिच्या वेंचक लेखनाचा एक जाडजूड संग्रह गेद्रोयत्सनें १९५९ सालीं आपल्या मासिकातर्फे प्रसिद्ध केला. संपादन लाव्रिनेंको या युक्रेनी टीकाकाराकडे दिलें, आणि पुस्तक पोलिशमध्यें नव्हे, युक्रेनी भाषेंतच छापलें.