गहू सगळीकडे सारखाच उगवतो : माइनक्राफ्टमधले बायोम आणि वऱ्हाडची जमीन

(रिद्धपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



लीळाचरित्राच्या गावात येऊन व्हिडिओ गेमवर बोलायचं, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण विषय तसा या गावाला परका नाही. या गावानं मराठीला स्थळांविषयी लिहायला शिकवलं. महानुभावांच्या सात काव्यग्रंथांपैकी एक, नारो व्यास बहाळिये यांचं 'ऋद्धिपूरवर्णन', तर या गावाचंच वर्णन आहे. आणि ज्या गेमबद्दल बोलायचं आहे, त्यातही मुलं तासन् तास जागा शोधत फिरतात. तेव्हा प्रश्न साधा आहे : जागा सापडली, म्हणजे नेमकं काय सापडलं?

आधी गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोयांग कंपनीचा गेम. २००९ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण रूपात निघाला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली. ३० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. सगळं जग ठोकळ्यांचं : माती, दगड, लाकूड, पाणी. फोडा, गोळा करा, रचा. या जगाचे वेगवेगळे प्रदेश पाडलेले आहेत. वाळवंट, घनदाट जंगल, बर्फाळ मैदान, दलदल, सवाना. त्यांना बायोम म्हणतात, आपण जीवप्रदेश म्हणू. जमिनीवरचे आणि गुहांतले मिळून ते पन्नासहून अधिक आहेत, आणि ते सगळे पायाखाली घातले तर 'ॲडव्हेंचरिंग टाइम' नावाची एक पदवीच मिळते.

आता गेमची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे.

बायोम गेममध्ये आले २०१० च्या ऑक्टोबरमध्ये. सुरुवातीच्या काही वर्षांत बर्फाला खेटून वाळवंट लागायचं. २०१३ च्या ऑक्टोबरमधल्या बदलानंतर प्रदेश तापमानाप्रमाणे मांडले गेले. मग चालणाऱ्याला अंदाज बांधता येऊ लागला. बर्फ लागलं, तर वाळवंट लगेच पलीकडे नाही. आधी थंड जंगल, मग मैदान, मग कुठे उष्ण मुलूख. मशरूमचं बेट हवं असेल तर जमिनीवर शोधून उपयोग नाही, समुद्रात उतरावं लागतं. म्हणजे बघा, दहा वर्षांचं पोरगं गवताचा रंग आणि झाडांची जात बघून 'आता पुढे काय लागेल' हे ओळखायला शिकतं. ही भूगोलाचीच नजर आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरमधला बदल याहून महत्त्वाचा. त्याआधी बायोम ठरला की जमिनीचा आकारही जवळपास ठरायचा. आता तापमान, आर्द्रता, समुद्रापासूनचं अंतर, झीज अशा सहा मोजमापांवरून जग तयार होतं, आणि डोंगर-दरीचा आकार बायोमपासून बराचसा मोकळा झाला. जंगल सपाटीवरही येतं, डोंगरावरही चढतं. आपल्याकडे याची परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघा. तीसेक किलोमीटरमध्ये पायनघाटाची काळी सपाटी सुटते, सातपुड्याचा घाट सुरू होतो, कपाशीचं वावर जाऊन साग लागतो, आणि वर तर कॉफी पिकते. उंची, उतार, पाऊस आणि झाडी ही वेगवेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांवर काम करतात, हे या गेमनं मान्य केलं. मुलांच्या करमणुकीत एवढा विचार फार कमी ठिकाणी दिसतो.

मग तक्रार काय आहे? तक्रार आहे पाण्याची आणि गव्हाची.

माइनक्राफ्टमध्ये शेती अशी होते : माती खणा, चार ठोकळ्यांच्या आत पाणी असू द्या, बी टाका. गहू येतो. मैदानात येतो, जंगलात येतो, वाळवंटात मातीचे ठोकळे नेऊन टाकले तर तिथेही तितकाच येतो. कडक थंडीच्या मुलखात पाणी गोठतं एवढीच काय ती अडचण, आणि तीही शेजारी मशाल लावली की मिटते. आणि पाणी? नदीचं असो की समुद्राचं, ठोकळा एकच. समुद्राच्या पाण्यावर गहू पिकवा, गेम हूं की चूं करत नाही.

आता इथून नैर्ऋत्येला दर्यापूरकडे चला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. वरून बघाल तर काळीभोर, सपाट जमीन. गेममध्ये असती तर पोरांनी पहिलं घर तिथेच बांधलं असतं. पण विहीर खणली की पाणी खारं. ते पिकाला दिलं तर माती चिकट होते, पाणी मुरत नाही, पीक जळतं. ते प्यावं तर पोटाची आणि मूत्रपिंडाची दुखणी मागे लागतात. म्हणून तिथला शेतकरी पायाखाली पाणी असूनही आभाळाकडे बघतो. कापूस, तूर, मूग, हरभरा असं पावसावरचं पीक घेतो, शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी साठवतो. आणि हा जो मोर्शी-वरुडचा भाग, तुमचा संत्र्याचा पट्टा, इथे पाणी गोडं, म्हणून इतकं उपसलं की ते खोल खोल गेलं. दोन्ही ठिकाणी माणसाचं आयुष्य ठरवतं ते जमिनीखालचं पाणी. प्रदेश म्हणजे तो काय देतो एवढंच नाही. तो काय नाकारतो, हाही प्रदेशच. माइनक्राफ्टचा बायोम जवळजवळ काहीच नाकारत नाही.

कोणी म्हणेल, अहो, गेम आहे तो, कृषी विद्यापीठ नाही. नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी खारं पाणी लागलं तर तो गेम बंद करून टाकेल. मान्य. सोपेपणासाठी काही गाळावं लागतं. पण याच गेमनं कुठे बारकावा दाखवलाय ते बघा. बेडकाचं पिल्लू ज्या प्रदेशात मोठं होतं, त्याप्रमाणे बेडकाचा रंग ठरतो : समशीतोष्ण भागात नारिंगी, उष्ण भागात पांढरट, थंड भागात हिरवा. बर्फाचा पुतळा वाळवंटात नेला तर वितळतो. वाळवंटातल्या गावात घरं वालुकाश्माची, आणि गावकऱ्यांचे कपडेही त्या त्या मुलखाप्रमाणे. म्हणजे प्रदेश बेडकाला कळतो, घराला कळतो, अंगरख्याला कळतो. फक्त गव्हाला कळत नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ही निवड आहे. प्रदेशानं दिसणं बदलावं, पण माणसाच्या बेताला आडवं येऊ नये, ही ती निवड. आणि समीक्षकानं बोट ठेवायचं ते इथेच.

दुसरी गोष्ट पावसाची. माइनक्राफ्टच्या सवानात पाऊस पडतच नाही. इतर ठिकाणी सरी येतात तेव्हा सवानावर नुसतं ढगाळतं. पिवळसर गवत, छत्रीसारख्या बाभळी, आणि कायमची कोरड. गेममध्ये ऋतूही नाहीत. गवताचा रंग त्या प्रदेशाला एकदा दिला की दिला. आता आपला माळ आठवा. एप्रिलमध्ये बघाल तर गेमचाच सवाना : वाळलेलं गवत, हिवर, बाभूळ. जूनचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत तोच माळ हिरवागार. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट चरतात ते याच गवतावर. अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर नाचतो तो पावसाळ्यातच. माळ म्हणजे कोरड नव्हे. माळ म्हणजे पाऊस येईपर्यंत थांबणं.

याचं एवढं वाईट का वाटून घ्यायचं? कारण ही चूक एकट्या गेमची नाही, ती आपलीही आहे. कागदोपत्री आपण अशा माळांना 'पडीक' म्हणत आलो. पडीक, म्हणजे ओसाड, म्हणजे तिथे काही करून टाका : झाडं लावा, इमारती बांधा, काहीही. जंगल नष्ट झालं म्हणून माळ उरला, ही समजूत खोल रुजलेली आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातल्या वनस्पतींचे उल्लेख वेचून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले गवताळ मुलूख हे उजाड झालेलं जंगल नाही. ते निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत. पुरावा कशाचा? कथांचा, काव्यांचा. ज्यांनी झाडांची नावं सहज जाता जाता लिहून ठेवली, त्यांचा.

इथे मी रिद्धपूरकडे परत येतो. चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी', जी मुनिव्यासांच्या नावावर आहे आणि वि. भि. कोलते यांनी जी संपादित केली, तिचं काम काय? श्रीचक्रधर कुठे कुठे थांबले, त्या जागांची नोंद. गाव कुठलं, देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कोणत्या बाजूला जागा. मागून येणाऱ्याला ती सापडावी, इतकी नेमकी दिशा. एका अर्थानं गेममधले अक्षांश-रेखांशाचे आकडेच म्हणा ना. पण एक फरक आहे, आणि तो सगळा फरक आहे. पोथीत जागा एकटी येत नाही. तिथे काय घडलं ते तिच्याबरोबर येतं. कुणी जेवलं, कुणी झोपलं, कुणाची समजूत काढली. म्हणून ओट्यापाशी माथा टेकणारा दगडाला टेकत नाही, घडलेल्या गोष्टीला टेकतो.

माइनक्राफ्टमध्ये आता एक आज्ञा आहे : बायोमचं नाव टाइप करा, सर्वांत जवळचा तसला प्रदेश कुठे आहे त्याचे आकडे येतात. संकेतस्थळंही आहेत, जगाचा बीजांक टाकला की सगळा नकाशा समोर. मला विचाराल तर गेमची सर्वांत मोठी ताकद इथे वाया जाते. बर्फापासून वाळवंटापर्यंत चालत जाताना जी नजर तयार होत होती, ती या आकड्यांनी नकोशी करून टाकली. प्रदेश यादीतली खूण होऊन बसला. गेलो, पदवी मिळाली, निघालो. महानुभावांच्या आचारात अटनाला, सतत फिरण्याला फार मोल आहे. पण ते फिरणं खुणा मारण्यासाठी नव्हतं.

तरी पोरं काय करतात ते पाहिलं की आशा वाटते. आकडे वापरतात, पण मग तिथे एक फळी रोवतात. त्यावर लिहितात : इथे पहिली रात्र काढली. इथे लांडगा पाळला. इथे दादा लाव्हात पडला. गेमनं दिलेला प्रदेश सारखाच असतो. ती फळी लागली की त्याचं स्थान होतं. गेमनं हे शिकवलेलं नाही, फक्त फळी देऊ केली. बाकीचं पोरांनी आपणहून केलं.

तेव्हा माझा निवाडा असा. माइनक्राफ्ट प्रदेश ओळखायला शिकवतो, आणि उत्तम शिकवतो. प्रदेशाचं ऐकायला तो शिकवत नाही. ते काम घरच्यांचं आणि शाळेचं आहे, आणि त्याला गेम बंद करायची गरज नाही. इथले शिक्षक बसले आहेत, त्यांना एक सुचवतो. वर्गातल्या मुलांना माइनक्राफ्टमध्ये आपल्या गावाचा पट्टा बांधायला सांगा. मोर्शीच्या मुलांनी संत्र्याचा, दर्यापूरच्या मुलांनी खारपाणाचा. नियम त्यांनीच ठरवायचे : इथे विहिरीचं पाणी पिकाला चालणार नाही, इथे जूनपर्यंत गवत पिवळं राहील. गेम त्यांना अडवणार नाही, त्यांनी स्वतःला अडवायचं. त्यासाठी त्यांना आधी वावरात जाऊन आजोबांना विचारावं लागेल की या धुऱ्यापलीकडची माती वेगळी का आहे. ते उत्तर कुठलीही आज्ञा टाइप करून येत नाही.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.