आकडे बरोबर, दोष चुकीच्या माथी

स्टँडर्ड कॉस्टिंगची सूत्रं आपल्याला पाठ असतात. आज माझी तक्रार एवढीच आहे की त्या सूत्रांवरून आपण दोष कुणाच्या माथी मारतो, ते एकदा तपासा.

उदाहरण घेऊ. लेथवर १,००० शाफ्ट करायचे आहेत. एका नगाचं प्रमाण ठरलंय: २ किलो पोलाद, किलोला ८० रुपये, अर्धा तास काम, तासाला १२० रुपये. खरेदी विभागानं ७६ रुपयांनी माल आणला. पण माल एकसारखा नव्हता, कुठे कठीण, कुठे मऊ. टूल लवकर बोथट झाली, नग बाद झाले. २,००० किलोऐवजी २,१५० किलो लागलं आणि ५०० तासांऐवजी ५६० तास. मजुरीचा दर तोच राहिला.

आता मांडा बघू. किमतीची तफावत: ४ गुणिले २,१५०, म्हणजे ८,६०० रुपये अनुकूल. वापराची: १५० गुणिले ८०, म्हणजे १२,००० प्रतिकूल. श्रम-कार्यक्षमतेची: ६० गुणिले १२०, म्हणजे ७,२०० प्रतिकूल. एकूण १०,६०० रुपयांचा फटका. पण अहवालात काय दिसतं? खरेदीवाल्यांची पाठ थोपटली जाते आणि १९,२०० रुपयांचा जाब सुपरवायझरला विचारला जातो!

जॉन्सन आणि कॅप्लन यांनी १९८७ साली 'रेलेव्हन्स लॉस्ट' या पुस्तकात टीका केली, की कारखान्यातली हिशेबाची माहिती व्यवस्थापकाला फार उशिरा आणि फार ढोबळ मिळते. उशिराचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. भावातली बचत बिल आलं त्याच दिवशी दिसते. जास्तीचा वापर बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीला कळतो. तोवर तोच माल पुन्हा मागवलेला असतो.

म्हणून सूत्रं मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. गणितानं नुकसान अचूक दाखवलंच की! चूक आहे ती तिन्ही आकडे तीन टेबलांवर वाटून टाकण्यात. मालाच्या लॉटचा नंबर घाला, किंमत, वापर आणि तास एकाच ओळीत लिहा. आणि ती ओळ खरेदीवाल्यांनी व सुपरवायझरनं शेजारी बसून वाचावी. कधी दोष खरंच लेथवरचा निघेल, तोही मान्य करू. पण कामगाराला हळू म्हणण्याआधी त्याच्या हातात कोणतं पोलाद दिलं होतं, एवढं तरी विचाराल ना?