हिरवळ बघणारे, गवत कापणारे

गेल्या मार्चमध्ये भाटघरच्या एका बंगल्याचं लॉन माझ्यामुळे जळालं. मी तेव्हा पुण्यात ऑफिसात बसलो होतो.

माझं आजोळ भोर तालुक्यात, धरणाच्या काठाला. मामा बॅकवॉटरलगतच्या एका वीकेंड बंगल्यावर माळीकाम करतो. मालकांना लॉनचं वर्षभराचं 'शेड्यूल' हवं होतं, आणि घरात इंजिनियर मी एकटाच. दहा मिनिटं सर्च करून एक कॅलेंडर सापडलं, ते मराठीत करून एक्सेलमध्ये टाकलं आणि व्हॉट्सअ‍ॅप केलं. ते कॅलेंडर कडक हिवाळा आणि कडक उन्हाळा असणाऱ्या प्रदेशातलं होतं. त्यात लिहिलं होतं की हिवाळ्यात मशीन बंद ठेवा, पात्यांना धार लावून घ्या. मार्चमध्ये पहिली कापणी अगदी जमिनीलगत करा, म्हणजे थंडीनं मेलेलं तपकिरी गवत निघेल आणि मातीला ऊब मिळेल. नंतर दर आठवड्याला कापा, पण पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच नको. उन्हाळा तापला की गवत उंच ठेवा.

तिथं यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. भाटघरला मात्र थंडीनं गवत मरत नाही, आणि मार्चमध्ये मातीला ऊब लागत नाही, सावली लागते. मामानं शीटप्रमाणे कापलं. आठ दिवसांत लॉन पिवळं पडलं आणि त्याची पंधरा दिवसांची मजुरी कापली गेली. मी पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "हितं फाल्गुनात गवात कापत न्हाईत, राब भाजत्यात."

मग आधी का नाही बोललास, असं विचारल्यावर म्हणाला, "तू लिहून धाडलं व्हतंस ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. लिहिलेल्यावर मामाचा एवढा विश्वास. मग मराठीत गवताबद्दल लिहिलंय तरी काय, म्हणून मी दोन पुस्तकं काढून बसलो.

पहिलं अर्थात दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना. तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा, कारण मोबाईलमध्ये मान घालून बसणाऱ्या आपल्या पिढीला हे पुस्तक खिडकीबाहेर बघायला लावतं. माझी शीट ज्या चुकीनं फसली, ती चूक दुर्गाबाई करत नाहीत. त्या दुसऱ्या देशाचा वसंत आणून आपल्या चैत्रावर चिकटवत नाहीत. इथलं झाड इथल्या महिन्यात काय करतं, हे आधी बघतात आणि मग लिहितात. हे पुस्तक मी फेब्रुवारीत वाचलं असतं तर लॉन वाचलं असतं.

पण वाचताना मामा कुठे सापडेना. 'ऋतुचक्र' हे बघणाऱ्याचं पुस्तक आहे. त्यात ऋतू येतो तो डोळ्यांतून, हातांतून नाही. ही तक्रार एकट्या दुर्गाबाईंबद्दल नाही. शाळेत पाठ केलेल्या बालकवींच्या श्रावणापासून मराठीतली हिरवळ ही बघण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, हिरवळ आणि गवत. हिरवळ कवितेत असते, गवत गोठ्यात. हिरवळीवर बसतात, गवत कापतात. तिसरा शब्द 'लॉन' आला आणि त्याचं आपण मंगल कार्यालय केलं.

एकाच वनस्पतीचं यात काय होतं बघा. हरळी शेतात आली की ते तण, शेतकऱ्याचा जीव खाणारं. गणपतीला वाहिली की दूर्वा. गोल्फच्या मैदानावर बर्म्युडा ग्रास. बंगल्यावर कोरियन लॉन आहे, म्हणून मामी दिवसभर खुरप्यानं त्यातली हरळी काढते. गणेश चतुर्थीला मालकांनी एकवीस दुर्वांची जुडी मागितली, तर सगळ्या लॉनमध्ये एक काडी मिळेना. मामी बांधावर जाऊन घेऊन आली.

दुसरं पुस्तक गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७० सालचं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याची ही हकीकत. वेठबिगार आणि लग्नगडी यांच्यासाठी ते वाचलं जातं, आणि ते योग्यच आहे. मी मात्र ते गवतासाठी वाचलं. पावसाळा सरला की तिथलं गवत कापून मुंबईच्या बाजारात जायचं. १९४५च्या ऑक्टोबरमध्ये कापणाऱ्यांनी भाव मागितला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. संप झाला. तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले.

या पुस्तकाला कोणी निसर्गलेखन म्हणत नाही. मला वाटतं म्हणायला हवं. गोदावरीबाई निसर्गवर्णन करायला बसलेल्या नाहीत, तरी ऋतू त्यांच्या पुस्तकाच्या कण्यात आहे. संप ऑक्टोबरमध्येच का? कारण गवताला वेळ असते. पावसात कापलं तर कुजतं. फार उशीर केला तर कुसळं धरतात, पातं वाळून काडी होते, जनावर तोंड लावत नाही. मधले मोजके आठवडे हातात असतात आणि तेवढे दिवस विळा ज्याच्या हातात, त्याचं जमीनदाराला ऐकावं लागतं. दुर्गाबाईंकडे ऋतू हे सौंदर्य आहे. गोदावरीबाईंकडे ती कापणाऱ्याची ताकद आहे. मराठी समीक्षेनं ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत ठेवली, एक ललित आणि एक चळवळ, म्हणून त्यांचा विषय एकच आहे हे दिसायचं राहून गेलं.

आता बंगल्यावर परत या. १९२७ साली लॉइड धरण झालं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, कांबऱ्याचं बुडालेलं देऊळ वर येतं, काठावर माती उघडी पडते. धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली उसाला जातं. आता थोडं वर, लॉनलाही लागतं. डोंगरउतारावरचं गवत आश्विन-कार्तिकात एकदा कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची आणि वर्षभर म्हशीला घालायची. लॉनचं कापलेलं गवत म्हशीला चालत नाही, त्यावर औषध मारलेलं असतं. ते पोत्यात भरून टाकून देतात.

ज्या देशाचं कॅलेंडर मी चोरलं, तिथं निदान बर्फ पडल्यावर मशीन शेडमध्ये जातं. आपण लॉन आणलं आणि त्याचा हिवाळा तिथेच ठेवला. स्प्रिंकलर आहे, त्यामुळे बाराही महिने तेच. या कामाला हंगाम नाही, म्हणजे अडून बसायला ऑक्टोबरही नाही. मामानं आज काम थांबवलं तर काही कुजत नाही, काही कुसळत नाही. उद्या दुसरा माणूस येतो. बारमाही हिरवं दिसणाऱ्या त्या चौकोनात मामाची मजुरी तिथेच थांबलेली आहे, याचं एक कारण तो हिरवेपणाच आहे.

मी शीट डिलीट केली. नवीन केली ती मामाच्या शेजारी बसून, तो सांगेल तशी, मराठी महिन्यांनी. फाल्गुन ते ज्येष्ठ: कापायचं नाही, उंच ठेवायचं. श्रावण: दर चार दिवसांनी, पाऊस उघडला तरच. शेवटच्या रकान्यात त्यानं एक गोष्ट माझ्याकडून टाकून घेतली: आश्विन, पंधरा दिवस सुट्टी, घरचं गवत कापायला.

मालकांनी बाकी सगळं मंजूर केलं. त्या रकान्यासमोर त्यांनी प्रश्नचिन्ह टाकून शीट परत पाठवली आहे.