‘संत तुकाराम’: श्रद्धा आणि संशय
मांडवगडाच्या वाटेवरील आमच्या नालछ्यात ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) पुन्हा पाहताना आम्हांस प्रश्न पडला : धर्माधिकाऱ्याच्या मनातील संशय येथे कोठे आहे? दामले-फत्तेलालांनी सालोमालो इतका दांभिक रंगविला आहे की, त्याच्याविषयी निर्णय सोपाच होतो. खरा पेच रामेश्वरभट्टांचा. वह्या बुडवावयास लावणारा हा विद्वान पुढे तुकोबांना शरण जातो; परंतु त्याचा अंतःसंघर्ष चमत्काराच्या झोतात लोपतो. ही उणीव काही अंशी भरून काढते ती गौरीची जिजाई. आजारी मुलासाठी ती विठोबावर पायताण उगारते. पण जो नाहीच त्याच्याशी कोण भांडेल? विष्णुपंत पागनिसांच्या शांत मुद्रेइतकाच हा त्रागाही भक्तीचा आविष्कार आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम तिच्याकडे वेधावे.