चित्रकथीचे सुटे पान

छापील चित्रमालिकेचे मूळ पान संग्राहक चौकटीत बसवितो, तेव्हा त्यावर बहुधा शब्द तरी शिल्लक असतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत शब्द कागदावर नसून कथेकऱ्याच्या मुखी असतो. पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून तो रामायण-महाभारतातील आख्यान गातो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असल्याने पान उलटताच दुसरा प्रसंग समोर येतो. असे सुटे पान भिंतीवर टांगले म्हणजे एक प्रसंग भिंतीकडे तोंड करून राहतो, आणि दुसरा वाक्यातून तोडलेल्या पदासारखा संदर्भहीन होतो.

संग्राहकांनी ही चित्रे नाशापासून वाचविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि ‘पैठण चित्रे’ हे रूढ नावच पाहावे. पैठण परिसरात ती मिळाली म्हणून ते पडले. गाणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ही परंपरा अद्याप गाणाऱ्यांच्या हाती आहे. तेव्हा मोल पानाचे न करता पोथीचे करावे, आणि पोथीसवे आख्यानाचे ध्वनिमुद्रणही जतन करावे. त्यावाचून केलेले रसग्रहण अर्धेच होय.