निनावी कारागीर आणि नामांकित वाडगा : यानागींच्या ‘मिंगेई’ विचाराची मर्यादा

जपानमधील रोजच्या जेवणाच्या झिलईदार वाडग्यांना सौंदर्यविचारात स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने सोएत्सु यानागी (१८८९-१९६१) यांच्याकडे जाते. १९२५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसमवेत ‘मिंगेई’, म्हणजे लोककारागिरी, ही संज्ञा घडविली. १९३६ मध्ये टोकियोत लोककारागिरीचे संग्रहालय उभारले. निनावी कारागिराने परंपरेच्या आधारे, विपुल आणि स्वस्त घडविलेली उपयुक्त वस्तूच खरी सुंदर, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

या विचाराचे सामर्थ्य क्यूशू बेटावरील ओंता या कुंभारगावात प्रत्ययास येते. तेथे ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी कांडणांनी माती कुटली जाते. साहजिकच उत्पादनाचे प्रमाण पाणी ठरविते, बाजार नव्हे. भांड्यांवर व्यक्तीचे नाव नसते.

परंतु यानागींचे सहकारी शोजी हामादा यांचे उदाहरण या सिद्धान्तातील विसंगती उघड करते. मशिको येथे घडविलेल्या भांड्यांवर ते सही करीत नसत; तथापि १९५५ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान लाभला आणि त्यांची भांडी संग्राहकांकडे गेली. सहीचा अभाव हीच त्यांची ओळख ठरली.

जपानी भोजनात वाडगा हातात उचलून ओठांशी नेला जातो. त्यामुळे वजन, काठाची जाडी आणि बुडाची कडी हे त्याच्या मूल्यमापनाचे खरे निकष ठरतात. कपाटबंद वाडग्याला हे निकष लागूच होत नाहीत. यानागींनी पाहणाऱ्याची दृष्टी घडविली. जेवणाऱ्याच्या हाताचा विचार मात्र अपुरा राहिला, असे म्हणावे लागते.